पाच क्विंटल कापूस, एक लॅपटॉप
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजच्या कामकाजाच्या यादीत हा विषय वाचून मागे बसलेल्या काही मंडळींनी एकमेकांकडे पाहिले, ते इथून दिसले. कापसाच्या भावाचे बोलायचे सोडून हे लॅपटॉपचे काय काढून बसले, असे मनात आले असणार. साहजिक आहे. पण गेले दोन हंगाम गावोगाव फिरताना हाच प्रश्न आमच्यापुढे पुन्हापुन्हा येतो. पोरगी कॉलेजात गेली, लॅपटॉप लागतो म्हणते. पोराला लग्नाचे, वास्तूचे व्हिडिओ जुळवून चार पैसे मिळतात, फोनवर आता भागत नाही म्हणतो. बचत गटाच्या ताईंना हिशेब आणि अर्ज दोन्ही घरीच करायचे आहेत. प्रश्न सगळ्यांचा एकच : पहिलाच घेतोय, कोणता घ्यावा? काही जणांबरोबर आम्ही दुकानापर्यंत गेलो. तिथे जे पाहिले त्यावरून सांगतो.

सुरुवात पैशापासून. साधा, पण चार-पाच वर्षे काम देईल असा लॅपटॉप चाळीस हजारांच्या आसपास जातो. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. म्हणजे पाच क्विंटल कापूस. संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९, म्हणजे अकरा क्विंटल ज्वारी. आणि हा हिशेब हमीभाव हातात पडला तर. ओलावा बारा टक्क्यांच्या वर भरला म्हणून ज्याची गाडी केंद्रावरून परत आली, त्याचे पाचाचे सहा झाले. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल निघाला तरी आपण बरे म्हणतो. तेव्हा एका एकराचे सगळे पीक त्या काळ्या पेटीत जाते, आणि ते सुद्धा बियाणे, खत, वेचणी यांची मजुरी न वजा करता. एवढा पैसा जिथे जातो तिथे दोन तास चर्चा करायला हरकत नसावी. बैलजोडी घेताना आपण दात मोजतो, खुरे पाहतो, चालवून बघतो, चार बाजार फिरतो. लॅपटॉपच्या दुकानात मात्र थंड हवेत बसवून पाणी दिले की आपण मुकाट्याने पैसे काढतो. तो दुकानदार काय बोलतो ते कळत नाही आणि कळत नाही हे सांगायची लाज वाटते.

आता दुसरी गोष्ट, जी कोणताही दुकानदार सांगणार नाही. तुम्हाला लॅपटॉप लागतोच का? सातबारा पाहायला लागत नाही. ई-पीक पाहणी फोनवरच करायची आहे. २०२५ मध्ये सरकारी कापूस खरेदीची नोंदणी आली ती सुद्धा फोनच्या ॲपवर. पैसे पाठवणे, भाव पाहणे, हवामान, सगळे फोनवर होते. दोन-पाच मिनिटांचा व्हिडिओ कापून जोडायचा असेल तर तेही फोनवर होते. या कामांसाठी कोणी पाच क्विंटल घालत असेल तर घालू नये.

लागतो कुठे? वीस पानांचा प्रकल्प अहवाल टंकायचा असेल तिथे. हिशेबाचे तक्ते करायचे असतील तिथे. विद्यार्थ्याला संगणकाचा कार्यक्रम लिहायला शिकायचे असेल तिथे. तासाभराच्या चित्रीकरणातून वीस मिनिटांचा व्हिडिओ काढायचा, त्यावर आवाज चढवायचा, मराठी अक्षरे टाकायची, असे काम आठवड्याला येत असेल तिथे. अशा कामाला फोनची काच अपुरी पडते आणि बोटही. नोकरीच्या परीक्षेला जाणाऱ्या पोराला कळफलकावर हात बसवावाच लागतो, तो फोनवर बसत नाही.

काम ठरले की मग यंत्र. यंत्राचे वर्णन चार शब्दांत मावते, उरलेली सगळी झालर.

पहिला शब्द प्रोसेसर. हे इंजिन. इथे बियाण्याच्या पाकिटासारखा प्रकार चालतो. जुनेच वाण नव्या नावाने, नव्या चित्राच्या पिशवीत. म्हणून मोठ्या अक्षरातले नाव वाचून थांबायचे नाही, पाकिटाची मागची बाजू वाचतो तसा बारीक नंबर वाचायचा. एक उदाहरण घ्या. एएमडी कंपनीचा ‘रायझन ५’ एवढेच लिहिलेले दोन लॅपटॉप शेजारी शेजारी असतात. एकाचा नंबर ७५२०यू, दुसऱ्याचा ७५३०यू. फरक दहाचा दिसतो. प्रत्यक्षात पहिल्याची घडण २०१९ सालची, आत चार कोअर. दुसऱ्याची त्यापुढच्या पिढीची, आत सहा कोअर. या मालिकेत तिसरा आकडा घडणीची पिढी सांगतो. दोन म्हणजे जुनी, तीन म्हणजे त्यापुढची, चार म्हणजे आणखी पुढची. पहिला आकडा कोणत्या वर्षाच्या मालिकेत माल विकायला काढला तेवढेच सांगतो. दुकानदाराला हे माहीत असते असेही नाही. आम्ही विचारले तेव्हा एकाने शांतपणे सांगितले, ‘दोन्ही रायझन पाचच आहेत, साहेब.’

इंटेलचे तसेच. आय-थ्री, आय-फाइव्ह हे वाण झाले, पुढचा नंबर पिढी सांगतो. १२१५यू, १२३५यू म्हणजे बारावी पिढी. ११ ने सुरू झाला तर अकरावी. पुढे कंपनीने ‘आय’ काढून नुसते ‘कोअर ३’, ‘कोअर ५’ असे लिहायला सुरुवात केली, त्यामुळे आणखी गोंधळ झाला. सेलेरॉन आणि पेंटियम ही हलक्या इंजिनांची नावे. २०२३ पासून नव्या लॅपटॉपवर ही नावे टाकणे कंपनीने बंद केले आणि तोच हलका वर्ग नुसता ‘इंटेल प्रोसेसर’ आणि एन अक्षराचा नंबर, अशा नावाने येऊ लागला. टंकलेखन, ईमेल, शाळेचा अभ्यास एवढेच असेल तर ते चालते. व्हिडिओचे काम येणार असेल तर घेऊ नका. वखराला जुंपायची जोडी नांगराला जुंपल्यासारखे होते, मधल्या तासात बसते.

सांगायचे ते असे : आय-थ्री बारावी पिढी किंवा त्यापुढची ही खालची पायरी. आय-फाइव्ह किंवा तिसरा आकडा तीन-चार असलेला रायझन ५ ही बरी पायरी. आय-सेव्हन, आय-नाइन यांच्याकडे पाहू नका. घरातल्या वापराला आणि हलक्या संकलनाला त्यातला जास्तीचा पैसा फुकट जातो.

दुसरा शब्द रॅम. ज्वारीचे खळे डोळ्यापुढे आणा. पेवात शंभर पोती ज्वारी असो, पण एका वेळी मळणी होते ती खळ्यावर मावेल तेवढ्याचीच. रॅम म्हणजे खळे, डिस्क म्हणजे पेव. खळे लहान असेल तर माल ने-आण करण्यातच दिवस जातो. यंत्र ‘अडकते’ म्हणतो ते बहुतेक वेळा हेच असते. चार जीबीचा लॅपटॉप आज कोणी फुकट दिला तरच घ्या. आठ जीबी ही कमीत कमी. व्हिडिओचे काम नक्की असेल तर सोळा.

पण इथे एक मेख आहे आणि ती नीट ऐका, कारण पैसा वाचतो तो इथेच. काही लॅपटॉपमध्ये रॅम पट्टीवर खाचेत बसवलेली असते, काहींत पाटीलाच डाग देऊन पक्की केलेली असते. खाच मोकळी असेल तर आज आठ जीबीचा घ्या, पुढच्या हंगामात आणखी आठ घाला. पक्की असेल तर जन्मभर आठच. मघाचा तो ७५२०यू, त्यात रॅम पक्कीच असते, खाच नसतेच. म्हणून दुकानात एकच प्रश्न विचारा : मोकळी खाच आहे का? तोंडी उत्तरावर विसंबू नका. नमुन्याचा लॅपटॉप चालू असतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. बहुतेक यंत्रांत तिथे किती खाचा आहेत, किती वापरल्या, ते लिहिलेले दिसते. तरी शंका उरली तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचे पान दुकानातच उघडायला लावा. दोन पट्ट्या असल्या की चित्राचे काम एका पट्टीपेक्षा वेगाने चालते, हा वर आणखी फायदा.

रॅमच्या भावाबद्दल एक सांगून पुढे जातो. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठमोठी यंत्रघरे उभारणाऱ्या कंपन्यांनी माल उचलला आणि कारखान्यांनी आपले उत्पादन तिकडे वळवले. आपल्या कापसाचा भाव न्यूयॉर्कच्या वायद्यावर हलतो, तसे तालुक्याच्या दुकानातल्या पट्टीचे झाले. म्हणून गेल्या वर्षी शेजाऱ्याने कितीला घेतला यावरून यंदाचा भाव ठरवू नका. दोन-तीन ठिकाणी त्याच आठवड्यात विचारा.

तिसरा शब्द एसएसडी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरायची, नव्या एसएसडीत फिरणारे काही नाही. सगळ्यात जास्त वेग इथून येतो. तबकडीची एक टीबी आहे म्हणून कोणी जुना माल पुढे केला तर हात जोडा. किती घ्यायची, ते व्हिडिओच्या हिशेबाने काढू. फोनवर फुल एचडी चित्रीकरण साधारण मिनिटाला सव्वाशे एमबी खाते. तासाला साडेसात जीबी. तेच फोर-के मध्ये केले तर मिनिटाला साडेतीनशे, तासाला एकवीस. एका लग्नाचे सहा तासांचे फोर-के चित्रीकरण म्हणजे सव्वाशे जीबी. २५६ जीबीच्या डिस्कवर विंडोज आणि कार्यक्रम बसवून झाले की दुसरे लग्न मावत नाही. म्हणून ५१२ घ्या. आणि काम संपले की माल बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. ही बाहेरची डिस्क तबकडीची चालते, एक टीबीची घ्या, तिचे पैसे आधीच बाजूला धरा. ज्याचे लग्न चित्रित केले त्याची चित्रफीत हरवली तर तो पुन्हा लग्न करू शकत नाही.

आणि फुल एचडीत घ्या ना चित्रीकरण! गावातल्या कामाला फोर-केचा अट्टहास कशाला? फोनच्या पडद्यावर पाहणाऱ्याला फरक दिसत नाही, यंत्राचा भार चौपट होतो.

चौथा शब्द पडदा, आणि सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, कारण दुकानाच्या दिव्याखाली सगळेच पडदे चकाकतात. १९२० बाय १०८० हे आकडे हवेत. १३६६ बाय ७६८ असेल तर नको. ‘आयपीएस’ लिहिलेला असावा. पडदा थोडा तिरका करून बाजूने पाहा, रंग काळवंडले किंवा उलटे दिसले तर तो पडदा टीएन जातीचा. चार जण घरात एका पडद्याभोवती बसतात, त्यांना ते दिसणार नाही. ४५ टक्के एनटीएससी असे बारीक अक्षरात असेल तर रंग फिके असणार. टंकलेखनाला चालतो. फोटोचे काम करणाऱ्याने त्या पडद्यावर हळद पिवळी केली की फोनवर ती भडक दिसणार, हे ध्यानात ठेवावे. उजेडाचा आकडा निट्समध्ये असतो. अडीचशेचा पडदा घरात ठीक, ओसरीवर दुपारी दिसत नाही.

चार शब्द झाले. आता वीज, जो आपला खास विषय. लॅपटॉपच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते. म्हणजे संध्याकाळी दाब दीडशेवर आला आणि बल्ब लाल झाला तरी चार्जर काम करतो. स्टॅबिलायझर घ्या म्हणून गळ्यात मारतील, गरज नाही. भीती कमी दाबाची नाही, अचानक येणाऱ्या जास्त दाबाची आणि कडाडणाऱ्या विजेची आहे. ढग वाजले की पिन काढा. अर्थिंग घरात आहे का ते एकदा वायरमनला विचारा.

बॅटरी ‘दहा तास’ चालते असे खोक्यावर असते. त्यावर विश्वास ठेवू नका, वॅट-अवर वाचा. ४२ वॅट-अवरची बॅटरी, टंकलेखनाला यंत्र आठ-दहा वॅट घेते, म्हणजे चार-पाच तास. व्हिडिओ कापायला बसलात की तेच यंत्र पंचवीस-तीस वॅट खाते, दीड तासात आटोपले. भारनियमनाच्या गावात हे महत्त्वाचे आहे. पन्नासच्या पुढची बॅटरी मिळाली तर त्यासाठी हजार-दोन हजार जास्त द्यायला हरकत नाही, हे आमचे मत. झगमगत्या दिव्यांच्या कळफलकाला मात्र एक रुपया देऊ नका.

आणि कापूस! हे कोणत्याच जाहिरातीत नसते. डिसेंबर-जानेवारीत आपल्या निम्म्या घरांत पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला असतो. लॅपटॉपच्या पोटात पंखा असतो, तो खालून हवा ओढतो. तंतू आत जातात, जाळीवर नमदा बसतो, यंत्र तापते, मग वेग आपोआप कमी करते आणि शेवटी बंद पडते. गोधडीवर ठेवून चालवले तर आणखी लवकर. पाटावर किंवा लाकडी फळीवर ठेवा. हंगाम संपला की माहितगाराकडून उघडून साफ करून घ्या. कापसाच्या गंजीशेजारी चार्जर लावून झोपू नका, हे लॅपटॉपपेक्षा घराच्या काळजीने सांगतो. बहुतेक कंपन्या ३५ अंशांपर्यंतच्या हवेची हमी देतात, आपल्याकडे मे महिन्यात ४५ होते. पत्र्याखाली दुपारी जड काम टाळा, पहाटे करा. उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते, ती चालू करून घ्या.

आता जुना घ्यावा का? घ्यावा, पण पारखून. मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांतून तीन-चार वर्षांनी निघालेले लॅपटॉप बाजारात येतात. लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक, अशी त्यांची नावे. यांची बांधणी आपल्या बजेटमधल्या नव्या प्लॅस्टिकपेक्षा दणकट असते आणि सुटे भाग मिळतात. पण एक रेघ आखून घ्या. विंडोज १० ची मोफत सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. घरगुती वापरकर्त्यांना नाव नोंदवून मिळणारी वाढीव मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ अधिकृतपणे चालते ते इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे ढीग बाजारात स्वस्त झाले आहेत, आणि ‘आय-सेव्हन आहे, पंधरा हजारात’ म्हणून खेड्यातल्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात घातले जातात. पिढी विचारा. सातवी असेल तर तो विंडोजसाठी घेऊ नका. लिनक्स बसवून देणारा कोणी घरचा असेल तरच घ्या. बॅटरीचा अहवाल विंडोजमध्येच निघतो. मूळ क्षमता किती आणि आता किती भरते, हे दोन आकडे दुकानदाराला काढून दाखवायला सांगा. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापा.

ॲपलचे मॅकबुक उत्तम आहे, व्हिडिओला तर फारच. पण आपल्या पाच क्विंटलात नवे बसत नाही, आत काही वाढवता येत नाही, आणि बिघडले तर दुरुस्तीला मोठ्या शहराची वारी. क्रोमबुक स्वस्त, पण इंटरनेट गेले की अर्धे काम थांबते. इतकेच.

सॉफ्टवेअरवर फार पैसे जाऊ देऊ नका. खोक्यावर ‘डॉस’ असेल तर विंडोज त्यात नाही, ते वेगळे विकत घ्यावे लागेल. ते धरून भाव तुलना करा. ऑफिस कायमचे आहे की वर्षभराचे, ते विचारा. वर्षभराचे असेल तर वर्षाने पैसे मागते. लिबर ऑफिस फुकट आहे आणि घरच्या हिशेबाला, पत्राला पुरते. व्हिडिओला शॉटकट आणि केडेनलाइव्ह फुकट आहेत. डाविंची रिझॉल्व्ह हा सिनेमावाल्यांचा कार्यक्रमही फुकट मिळतो, पण त्याला सोळा जीबी रॅम लागते, आठवर तो रडतो. आवाजासाठी ऑडॅसिटी, फोटोसाठी गिम्प. विंडोजचे स्वतःचे विषाणूरोधक असते, दुकानदार वर एक हजार-बाराशेचे जोडू पाहील, नको म्हणा. मराठी टंकायला इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी असे दोन्ही कळफलक विंडोजमध्येच आहेत. ‘मराठी टाकून देतो, पाचशे रुपये’ म्हणणाऱ्याला नमस्कार.

आता हप्त्याचे बोलू, कारण आपल्या माणसाला तिथे जास्त धरतात. ‘शून्य टक्के व्याज.’ रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले की शून्य टक्के व्याज असा काही प्रकार अस्तित्वातच नाही. हिशेब करा. समजा रोखीने तो लॅपटॉप ३८ हजारांना मिळतो आणि हप्त्यांनी ४० हजारांना, वर पाचशे प्रक्रिया शुल्क. तुम्ही अडीच हजार जास्त दिले. दर महिन्याला मुद्दल फिटत जाते, म्हणजे वर्षभर सरासरीने तुमच्याकडे वीस हजारच होते. वीस हजारांवर अडीच हजार म्हणजे वर्षाला साडेबारा टक्के पडले. शून्य नव्हे. यापेक्षा मोठी अडचण वेगळीच. नोकरदाराला महिन्याला पगार येतो, त्याचा हप्ता महिन्याला जातो, हे जुळते. आपला पैसा वर्षातून दोनदा येतो. जून-जुलैत, पेरणीच्या तोंडावर, चार हजारांचा हप्ता कुठून जाणार? चुकला की दंड, बँकेचा दंड वेगळा आणि नावावर डाग, जो पुढे कर्जाच्या वेळी निघतो. म्हणून आमचे स्पष्ट मत : कापसाचा पैसा हातात आल्यावर रोखीने घ्या, नाहीतर एक हंगाम थांबा. पीककर्जाचा पैसा यात घालू नका.

रोखीने म्हणजे बिल न घेता, असे मात्र नाही. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी असतो. ‘बिल नको असेल तर दोन हजार कमी करतो,’ हे ऐकाल. त्या दोन हजारांबरोबर तुमची वॉरंटी आणि तुमची तक्रार करायची जागा, दोन्ही जातात. पक्के बिल, त्यावर सिरियल नंबर, तोच नंबर खोक्यावर आणि यंत्राच्या पाठीवर. दुकानातच कंपनीच्या संकेतस्थळावर नंबर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली ते पाहा. सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेली निघाली तर तो माल आधी कोणी वापरलेला किंवा नमुन्याचा आहे. ऑनलाइन मागवला तर खोके उघडताना फोनवर चित्रीकरण करा. वॉरंटी घरी येऊन दुरुस्तीची आहे की केंद्रावर नेऊन द्यायची, आणि ते केंद्र कोणत्या गावी, हे आधी विचारा. यवतमाळच्या आतल्या गावातून नागपूरच्या दोन खेपा म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि भाडे.

माल सदोष निघाला आणि दुकानदार हात झटकू लागला तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. त्यानेही झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला, त्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, विकणारा मुंबईचा असो की बंगलोरचा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. मुदत दोन वर्षे.

बराच वेळ झाला. चिठ्ठ्या आल्या आहेत त्यांतल्या तीन घेतो.

एका भाऊंनी विचारले आहे, पोरगा म्हणतो गेमिंगचा घेऊ, व्हिडिओला तोच लागतो. भाऊ, हलक्या संकलनाला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही, आजच्या प्रोसेसरमध्ये ती सोय आतच असते. तो लॅपटॉप जड असतो, बॅटरी लवकर संपते, आणि वीस हजार जास्त जातात. पोराचे काम वाढले, महिन्याला चार-पाच ऑर्डरी येऊ लागल्या, तर त्याच कमाईतून पुढचा घेऊ द्या.

दुसरी चिठ्ठी बचत गटाच्या ताईंची. गटाने मिळून एक घ्यावा का? घ्यावा. पण कोणाकडे राहील, कोणत्या वारी कोण वापरेल, हे इतिवृत्तात लिहून ठेवा आणि प्रत्येकीचे खाते यंत्रात वेगळे करा. एकीचे बँकेचे काम दुसरीला दिसायचे कारण नाही.

तिसऱ्या चिठ्ठीवर नाव नाही, अक्षर मुलीचे आहे. ‘बाबांनी लॅपटॉप घेतला, पण कपाटात कुलूप लावून ठेवला आहे. परीक्षा आली की देतात. भाऊ मात्र रात्री सिनेमे पाहतो.’ बाबा इथे बसले असतील. बाबा, कपाटात ठेवून ते यंत्र जपले जात नाही. बॅटरी न वापरताही म्हातारी होते आणि वॉरंटीचा दिवस कपाटातही मोजला जातो. पाच क्विंटल घातले ते हात बसावा म्हणून ना? मग संध्याकाळी दोन तास तिचे, हे आजच ठरवा. भावाच्या सिनेमाला फोन आहे.

ज्यांना येत्या रविवारी तालुक्याला खरेदीला जायचे आहे त्यांनी जेवणानंतर ओसरीवर थांबावे. येताना पेनड्राइव्हवर आपल्याच फोनवर काढलेला दहा मिनिटांचा व्हिडिओ घेऊन यावा. दुकानात तो लावून, कापून, पुढे-मागे ओढून पाहता येईल. दुकानदार नाही म्हणाला तर शेजारी दुसरे दुकान आहे.